अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज प्रतिष्ठाने : निधी कसा उभा राहतो आणि कोणाच्या उपयोगी पडतो

'कम्युनिटी कॉलेज' हे नाव भारतातील ख्रिस्तसभेला अपरिचित नाही. १९९५ साली पाँडिचेरी विद्यापीठाने आणि त्यापाठोपाठ १९९६ साली मद्रास-मैलापूर महाधर्मप्रांताने चेन्नई येथे अशा महाविद्यालयाचा आरंभ केला. येशूसंघीय धर्मगुरू फादर झेवियर अल्फोन्स यांनी ही कल्पना आपल्या देशात रुजविण्यासाठी अपार परिश्रम घेतले. १९९९ साली चेन्नई येथे त्यासाठी एक स्वतंत्र संशोधन व विकास केंद्रही स्थापन झाले. शाळा अर्धवट सुटलेले तरुण, घरकामात अडकलेल्या स्त्रिया आणि पदवीची वाट न परवडणारे विद्यार्थी यांच्या हाताला काम मिळवून देणारे शिक्षण, हे या चळवळीचे उद्दिष्ट होते.

या कल्पनेचे मूळ अमेरिकेत आहे. तेथे ती शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे आणि एका जुन्या प्रश्नाला तिला सतत तोंड द्यावे लागले आहे : शिक्षण गरिबाला परवडेल असे ठेवायचे, तर उरलेला खर्च कोणी भागवायचा? सरकारी अनुदान आणि विद्यार्थ्यांची फी यांच्या जोडीला तेथील महाविद्यालयांनी तिसरा मार्ग शोधला. तो म्हणजे 'फाऊंडेशन', अर्थात महाविद्यालयाच्या नावे चालणारे स्वतंत्र देणगी-प्रतिष्ठान. या प्रतिष्ठानांची रचना, त्यांचे निधीसंकलनाचे मार्ग, त्यांचे यश आणि त्यांच्या मर्यादा यांची ओळख आम्ही या लेखात करून देत आहोत. आमच्या मते या माहितीतील ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट एकच आहे. होतकरू विद्यार्थ्याचे शिक्षण पुष्कळदा मोठ्या रकमेअभावी नव्हे, तर वेळेवर न मिळालेल्या लहान रकमेअभावी थांबते.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय?

१९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट या गावी सुरू झालेले जोलिएट ज्युनिअर कॉलेज हे अमेरिकेतील सर्वांत जुने सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज मानले जाते. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि जोलिएट हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राऊन यांच्या विचारांतून ते जन्मास आले. पुढे १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाने 'कम्युनिटी कॉलेज' या नावाचा पुरस्कार केला आणि ते देशभर रूढ झाले. आज अमेरिकेत अशी सुमारे एक हजार महाविद्यालये आहेत.

येथे प्रवेशासाठी चुरस नसते. बारावी उत्तीर्ण झालेला कोणीही बहुधा प्रवेश घेऊ शकतो. दोन वर्षांचा 'असोसिएट' पदवीचा अभ्यासक्रम पूर्ण करून विद्यार्थी विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाऊ शकतो, किंवा परिचारिका, वेल्डर, वाहन दुरुस्ती कारागीर, दंत-आरोग्य साहाय्यक असे एखादे कौशल्य शिकून थेट नोकरीला लागू शकतो. विद्यार्थ्यांत नोकरी करणारे, मुलेबाळे असलेले आणि घरातील पहिलेच महाविद्यालयीन शिक्षण घेणारे पुष्कळ असतात.

फी तुलनेने कमी आहे. २०२४-२५ या वर्षी सार्वजनिक दोन-वर्षीय महाविद्यालयाची स्थानिक विद्यार्थ्यासाठी असलेली सरासरी वार्षिक फी सुमारे ४,०५० डॉलर होती. कॅलिफोर्नियात तर २०१२ पासून राज्यातील रहिवाशांना प्रति युनिट ४६ डॉलर एवढीच फी आहे. गरीब कुटुंबातील विद्यार्थ्यांना केंद्र सरकारचे 'पेल ग्रँट' मिळते. त्याची कमाल मर्यादा २०२५-२६ या वर्षासाठी ७,३९५ डॉलर होती.

मग देणग्यांची गरज काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. उत्तर असे की, फी हा शिक्षणाच्या खर्चाचा एक भाग झाला. घरभाडे, अन्न, पुस्तके, गाडीचे पेट्रोल, मुलांचा पाळणाघराचा खर्च हे सारे त्याहून पुष्कळ अधिक असते. कमी वेळ शिकणाऱ्याला सरकारी साहाय्यही कमी मिळते. शिवाय सरकारी पैसा ठरलेल्या नियमांनी बांधलेला असतो. आठवड्याच्या मध्यावर एखाद्याची गाडी बंद पडली म्हणून तो पैसा हलू शकत नाही. देणगीचा पैसा हलू शकतो, आणि तेच त्याचे खरे मोल आहे.

प्रतिष्ठान महाविद्यालयापासून वेगळे का?

बहुतेक कम्युनिटी कॉलेजे ही राज्य, जिल्हा किंवा परगणा यांच्या अखत्यारीतील सार्वजनिक संस्था आहेत. प्रतिष्ठान मात्र कायद्याच्या दृष्टीने निराळी, ना-नफा संस्था असते. अमेरिकेच्या आयकर संहितेतील कलम ५०१ (सी) (३) अन्वये तिला करमाफी मिळते आणि तिला दिलेल्या देणगीवर दात्यालाही नियमांनुसार करसवलत मिळू शकते.

या वेगळेपणाची कारणे व्यावहारिक आहेत. पहिले कारण असे की, दात्याला आपला पैसा सरकारी तिजोरीत मिसळून जाईल अशी भीती वाटत नाही. दुसरे, सार्वजनिक निधी कोठे गुंतवावा यावर कडक बंधने असतात. प्रतिष्ठानाला दीर्घ मुदतीचा विचार करून गुंतवणूक करता येते. तिसरे कारण माणसांचे आहे. प्रतिष्ठानाच्या विश्वस्त मंडळावर गावातील व्यापारी, वकील, डॉक्टर, बँक अधिकारी, निवृत्त प्राध्यापक, माजी विद्यार्थी अशी मंडळी विनावेतन काम करतात. ती स्वतः देणगी देतात आणि आपल्या ओळखीच्या लोकांकडे शब्द टाकतात. 'विश्वस्ताने आधी स्वतः द्यावे, मग दुसऱ्याकडे मागावे' हा तेथील अलिखित दंडक आहे.

वेगळेपण म्हणजे बेजबाबदारपणा नव्हे. महाविद्यालय व प्रतिष्ठान यांच्यात लेखी करार असतो. कर्मचारी कोणाचे, जागा कोणाची, गरजा कोण ठरविणार हे त्यात नमूद केलेले असते. प्रतिष्ठानाला दरवर्षी केंद्रीय महसूल खात्याकडे '९९०' क्रमांकाचे विवरणपत्र भरावे लागते आणि ते कोणाही नागरिकाला पाहता येते. सरकारी लेखा मानक मंडळाने २००२ साली काढलेल्या ३९ व्या विधानानुसार अशा महत्त्वाच्या संलग्न संस्थांचे हिशेब महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालात दाखविणे आवश्यक झाले. जे मागून आणले, ते उघड्यावर मांडले पाहिजे, हे त्यामागील तत्त्व आहे.

पैसा कोठून येतो?

मोठ्या विद्यापीठांना त्यांच्या श्रीमंत माजी विद्यार्थ्यांकडून भरघोस देणग्या मिळतात. कम्युनिटी कॉलेजची स्थिती वेगळी असते. तेथून विद्यापीठात गेलेला विद्यार्थी पुढे आपली ओळख त्या विद्यापीठाचा म्हणून सांगतो आणि देणगीही तिकडेच पाठवितो. कित्येकांनी दोन-तीन विषयच शिकलेले असतात. त्यामुळे या प्रतिष्ठानांना आपल्या परिसरातील लोकांवर अधिक अवलंबून राहावे लागते. त्यांचे मुख्य मार्ग पुढीलप्रमाणे आहेत.

१) कर्मचाऱ्यांचे योगदान : प्राध्यापक, कारकून, सफाई कर्मचारी आपल्या पगारातून दरमहा ठरावीक लहान रक्कम कापून देतात. रक्कम थोडी असली, तरी तिचे वजन मोठे असते. 'तुमच्याच माणसांनी किती दिले?' असे बाहेरचा दाता विचारतो, तेव्हा या यादीकडे बोट दाखविता येते.

२) वार्षिक आवाहन : वर्षातून एक-दोनदा पत्रे, दूरध्वनी आणि आता संगणकीय माध्यमांतून आवाहन केले जाते. डिसेंबर महिना यासाठी महत्त्वाचा, कारण करवर्ष तेव्हा संपते. २०१२ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेला 'गिव्हिंग ट्यूजडे', म्हणजे नोव्हेंबरमधील थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर येणारा मंगळवार, हाही आता अनेक प्रतिष्ठानांच्या वेळापत्रकात आला आहे.

३) स्थानिक उद्योग व रुग्णालये : रुग्णालयाला परिचारिका हव्या असतात, कारखान्याला यंत्रचालक. म्हणून ते शिष्यवृत्त्या देतात, प्रयोगशाळेसाठी यंत्रसामग्री देतात, अभ्यासक्रमाचा काही खर्च उचलतात. येथे दान आणि हित यांची सांगड असते. ती उघडपणे मान्य केलेली असल्याने कोणाची फसवणूक होत नाही.

४) समारंभ : भोजनसमारंभ, गोल्फ स्पर्धा, लिलाव, संगीतसभा. यांतून गाजावाजा पुष्कळ होतो, पण सभागृह, जेवण आणि छपाई यांचा खर्च वजा जाता हाती किती उरते हे पाहावे लागते. अनुभवी मंडळी समारंभाकडे पैशाचे साधन म्हणून कमी आणि नव्या लोकांशी ओळख करून घेण्याचे निमित्त म्हणून अधिक पाहतात.

५) मृत्युपत्रे : निवृत्त शिक्षिका, निपुत्रिक दांपत्य, लहान दुकानदार अशी माणसे आपल्या मालमत्तेचा अंश मृत्युपत्राद्वारे महाविद्यालयाला ठेवतात. अशी देणगी हाती येण्यास कित्येक वर्षे लागतात. तिच्यामागे दात्याशी जपलेला दीर्घ स्नेह असतो.

६) मोठ्या धर्मादाय संस्थांची अनुदाने : यांसाठी सविस्तर प्रस्ताव लिहावा लागतो, ठरावीक काळात ठरावीक काम करावे लागते आणि त्याचा अहवाल द्यावा लागतो.

करनियमही वेळोवेळी बदलतात. २०२५ साली संमत झालेल्या कायद्यानुसार २०२६ पासून खर्चाची तपशीलवार वजावट न मागणाऱ्या सामान्य करदात्यालाही रोख देणगीवर १,००० डॉलरपर्यंत, आणि एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या पतिपत्नींना २,००० डॉलरपर्यंत वजावट घेता येते. लहान दात्यांवर जगणाऱ्या प्रतिष्ठानांच्या दृष्टीने हा बदल लक्षणीय आहे.

कायम निधीचे गणित

देणगीचे दोन प्रकार ध्यानात घेतले पाहिजेत. एक, आजच्या आज खर्च करावयाची देणगी. दुसरा, कायम निधी. त्यातील मूळ रक्कम गुंतवून ठेवली जाते आणि दरवर्षी तिच्या उत्पन्नातील मर्यादित हिस्साच खर्च होतो. समजा एखाद्या कुटुंबाने आईच्या स्मरणार्थ २५,००० डॉलर दिले आणि प्रतिष्ठानाने दरवर्षी चार टक्के खर्च करावयाचे ठरविले, तर प्रतिवर्षी १,००० डॉलरची एक शिष्यवृत्ती निघते. उरलेले उत्पन्न मुद्दलात मिळविले जाते, म्हणजे महागाईने निधीची शक्ती क्षीण होत नाही. एकदा दिलेली रक्कम पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडते ती अशी.

परंतु बाजार कोसळला तर काय? १९७२ च्या जुन्या आदर्श कायद्यात असा संकेत होता की, निधीचे मूल्य मूळ देणगीच्या खाली गेले, तर मुद्दलाला हात लावू नये. परिणामी मंदीच्या वर्षी, जेव्हा विद्यार्थ्याला साहाय्याची सर्वाधिक निकड असते, नेमकी तेव्हाच नव्या निधीतील शिष्यवृत्ती बंद पडण्याची वेळ येई. २००६ साली तयार झालेल्या नव्या आदर्श कायद्याने हे बंधन काढून त्या जागी सुज्ञपणाची कसोटी आणली. दात्याचा हेतू, निधीचे आयुष्य, महागाई आणि आर्थिक परिस्थिती यांचा विचार करून विश्वस्तांनी निर्णय घ्यावा, असे त्यात म्हटले आहे. पेनसिल्व्हेनिया वगळता अन्य सर्व राज्यांनी हा कायदा स्वीकारला आहे.

जोड-देणगी : एकाचे पाहून दुसऱ्याने देणे

निधी उभारण्याची एक प्रभावी पद्धत म्हणजे जोड-देणगी. 'तुम्ही इतके जमवा, मी त्यात इतकी भर घालतो', असे मोठा दाता जाहीर करतो. कॅलिफोर्नियातील उदाहरण बोलके आहे. २००८ साली बर्नार्ड ओशर फाऊंडेशनने राज्यातील कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी कायम शिष्यवृत्ती निधी उभारण्याकरिता ५ कोटी डॉलर देऊ केले. त्यांपैकी अडीच कोटी आरंभीच दिले. उरलेले अडीच कोटी महाविद्यालयांनी जमविलेल्या प्रत्येक दोन डॉलरमागे एक डॉलर या प्रमाणात द्यावयाचे ठरले. महाविद्यालयांनी ५ कोटी जमवून एकूण निधी १० कोटी डॉलरवर न्यावा, असा हेतू होता. त्याच वर्षी देशावर मंदीचे सावट आले, तरी महाविद्यालयांनी पैसे गोळा केले. त्या निधीतून आजही शिष्यवृत्त्या दिल्या जातात.

या पद्धतीची दुसरी बाजू फ्लोरिडात दिसली. तेथे खासगी देणगीला राज्य सरकार जोड देत असे. दात्यांनी त्या वचनावर विश्वास ठेवून दिले. परंतु सरकारकडे पैसे अपुरे पडू लागले आणि थकबाकी वाढत गेली. अखेर २०११ च्या मध्यापासून आलेल्या नव्या देणग्यांना जोड देणे कायद्याने स्थगित झाले. जोड-देणगीचे वचन जितके आकर्षक, तितकी ते पाळण्याची तजवीज आधी केलेली असावी, हा त्यातील बोध.

मोठ्या देणग्यांच्या दोन कथा

न्यूयॉर्क शहरातील बरो ऑफ मॅनहॅटन कम्युनिटी कॉलेजला १९९३ साली माइल्स व शर्ली फिटरमन या दांपत्याने एक पंधरा मजली इमारतच दान केली. तिचे मूल्य त्या वेळी सुमारे ३ कोटी डॉलर धरले गेले आणि एखाद्या कम्युनिटी कॉलेजला तोवर मिळालेली ती सर्वांत मोठी देणगी मानली गेली. ११ सप्टेंबर २००१ रोजी जागतिक व्यापार केंद्र परिसरातील सात क्रमांकाची इमारत कोसळली आणि शेजारच्या फिटरमन हॉलची अपरिमित हानी झाली. इमारत पुढे पाडावी लागली. तिच्या जागी नवी इमारत उभी राहून २०१२ साली वर्ग पुन्हा सुरू झाले. दात्यांचे नाव आजही तिच्यावर आहे.

याच महाविद्यालयाला २०२० च्या डिसेंबरमध्ये मॅकेन्झी स्कॉट यांच्याकडून ३ कोटी डॉलर मिळाले. २०२१ साली कॅलिफोर्नियातील लाँग बीच सिटी कॉलेजलाही त्यांनी तेवढीच रक्कम दिली. आणखीही कित्येक कम्युनिटी कॉलेजांना त्यांच्या देणग्या मिळाल्या. या देणग्यांचे वैशिष्ट्य आकड्यात नव्हते. त्या विनाअट होत्या. कोणता अभ्यासक्रम, कोणता विद्यार्थी, कोणती इमारत हे दातीने सांगितले नाही, तो निर्णय संस्थेवर सोपविला. प्रतिष्ठानाच्या दृष्टीने असा पैसा सर्वांत दुर्मीळ आणि सर्वांत उपयुक्त असतो.

पैसा जातो कोठे?

पहिला मान अर्थातच शिष्यवृत्त्यांचा. पूर्वी विद्यार्थ्याला प्रत्येक शिष्यवृत्तीसाठी वेगळा अर्ज करावा लागे. आता अनेक प्रतिष्ठाने एकच अर्ज भरून घेतात आणि विद्यार्थी ज्या-ज्या शिष्यवृत्त्यांना पात्र असेल, त्यांच्याशी तो जोडून देतात.

काही ठिकाणी संपूर्ण परिसरालाच वचन दिले जाते. कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा सिटी कॉलेजच्या प्रतिष्ठानाने २०१६ साली 'प्रॉमिस' ही योजना सुरू केली. स्थानिक शाळांतून उत्तीर्ण होऊन थेट महाविद्यालयात पूर्णवेळ प्रवेश घेणाऱ्यांची दोन वर्षांची फी, पुस्तके आणि आवश्यक साहित्य यांचा खर्च खासगी देणग्यांतून भागवावयाचा, अशी ती योजना होती. अशा वचनाचा परिणाम पैशापलीकडचा असतो. नववी-दहावीतील मुलालाच ठाऊक होते की, आपल्यासाठी दार उघडे आहे.

दुसरा प्रकार तातडीच्या साहाय्याचा. टेक्सास राज्यातील अमरिलो कॉलेजने आपल्या विद्यार्थ्यांनाच विचारले, 'तुमच्या शिक्षणाच्या आड काय येते?' गणित किंवा इंग्रजी अवघड जाते, असे उत्तर येईल अशी प्राध्यापकांची अपेक्षा होती. उत्तरे आली ती अन्न, निवारा, वाहन, मुलांचा सांभाळ, विजेचे बिल यांविषयी. त्यानंतर महाविद्यालयाने एक साहाय्य केंद्र उघडले. तेथे धान्य व कपडे मिळतात, समाजसेवक भेटतात आणि प्रतिष्ठानाने उभारलेल्या निधीतून तातडीची मदत दिली जाते. समित्यांच्या बैठकांची वाट न पाहता ती त्वरित मिळावी, यावर तेथे भर दिला गेला. २०२३ साली अमरिलो कॉलेजला इंपिरियल व्हॅली कॉलेजसमवेत ॲस्पेन पारितोषिक विभागून देण्यात आले. कम्युनिटी कॉलेजांसाठी तो मोठा राष्ट्रीय सन्मान आहे.

तिसरा प्रकार अभ्यासक्रमांचा. परिचारिका प्रशिक्षणासाठी रुग्णाचा पुतळा, वेल्डिंगची यंत्रे, नव्या विषयाचा प्रायोगिक वर्ग, प्राध्यापकांचे प्रशिक्षण यांसाठी सरकारी अंदाजपत्रकात जागा मिळण्यास वर्षे जातात. प्रतिष्ठान आरंभीचा खर्च देते. प्रयोग यशस्वी झाल्यास महाविद्यालय तो आपल्या नियमित खर्चात सामावून घेते.

अडचणी व उणिवा

या व्यवस्थेचे गुणगान करताना तिच्या उणिवा झाकणे योग्य होणार नाही.

सर्वांत नेहमीची अडचण अतिरेकी अटींची. 'अमुक गावचा, अमुक विषय शिकणारा, अमुक आडनावाचा विद्यार्थी' अशी अट घातली, तर कित्येक वर्षे पात्र उमेदवारच सापडत नाही. निधी पडून राहतो आणि शेजारच्या बाकावरील गरजू विद्यार्थी रिकाम्या हाताने परत जातो. म्हणून जाणते प्रतिष्ठान देणगी स्वीकारतानाच दात्याशी बोलून 'असा विद्यार्थी न मिळाल्यास विश्वस्तांनी योग्य तो निवडावा' असे एक वाक्य करारात घालून घेते. ते वाक्य नसेल, तर पुढे न्यायालयाची पायरी चढावी लागू शकते.

दुसरी अडचण व्यवस्थापन खर्चाची. प्रत्येकाला विद्यार्थ्यासाठी द्यायचे असते, हिशेबनीसाच्या पगारासाठी कोणाला द्यायचे नसते. परंतु हिशेब नीट न ठेवणारी संस्था दात्याचा विश्वास गमावते. म्हणून काही प्रतिष्ठाने व्यवस्थापनासाठी निधीतून लहानसा टक्का घेतात आणि तसे आधीच सांगतात.

तिसरी, शिष्यवृत्तीने शिष्यवृत्ती खाण्याची. बाहेरून साहाय्य मिळाले की नियमांनुसार विद्यार्थ्याचे दुसरे साहाय्य कधी कधी कमी केले जाते. मग दात्याचा पैसा जातो, पण विद्यार्थ्याच्या हाती अधिक काही पडत नाही. हे टाळण्यासाठी प्रतिष्ठान व महाविद्यालयाचा आर्थिक साहाय्य विभाग यांनी एकत्र बसून योजना आखावी लागते.

चौथी आणि मूलभूत अडचण विषमतेची. सधन वस्तीतील महाविद्यालयाला सधन शेजारी मिळतात. ओसाड पडलेल्या खाणगावातील महाविद्यालयाला ते मिळत नाहीत. जेथे गरज मोठी, तेथे देणारे हात थोडे. म्हणूनच देणगी ही सरकारी जबाबदारीला पर्याय ठरू शकत नाही. ती पूरकच राहिली पाहिजे, असे या क्षेत्रातील जाणकारही मानतात.

आपल्या वाचकांसाठी

आपल्या धर्मग्रामांतील काही कुटुंबांची मुले अमेरिकेत शिकावयास जाण्याचा विचार करीत असतात. त्यांनी ध्यानात घ्यावे की, पेल ग्रँटसारखे केंद्रीय साहाय्य परदेशी विद्यार्थ्याला मिळत नाही आणि त्याची फीही स्थानिक विद्यार्थ्यापेक्षा बहुधा पुष्कळ अधिक असते. प्रतिष्ठानाच्या काही शिष्यवृत्त्या परदेशी विद्यार्थ्यांना खुल्या असतात, काही नसतात. प्रत्येकीच्या अटी महाविद्यालयाकडेच विचारून घ्याव्यात. विद्यार्थी व्हिसासाठी खर्चाची तरतूद आधीच दाखवावी लागते. तेव्हा 'तेथे गेल्यावर शिष्यवृत्ती मिळेल' या भरवशावर कर्ज काढून निघू नये, अशी आमची कळकळीची सूचना आहे.

भारतातील कम्युनिटी कॉलेजांना आणि आपल्याकडे शिक्षण निधी सांभाळणाऱ्या समित्यांनाही या अनुभवातून चार गोष्टी घेता येतील. पहिली : निधीचा हिशेब दरवर्षी, न मागता, सर्वांसमोर मांडावा. दुसरी : निधीचा काही भाग विनाअट ठेवावा आणि तो तत्काळ देण्याचा अधिकार एक-दोन विश्वासू व्यक्तींना द्यावा. परीक्षा शुल्काची मुदत शुक्रवारी संपत असेल, तर पुढल्या महिन्यातील बैठकीचा विद्यार्थ्याला काय उपयोग? तिसरी : स्मरणार्थ देणगी देणाऱ्या कुटुंबाला अटी थोड्या व व्यापक ठेवण्याची विनंती आदराने करावी. चौथी : साहाय्य घेणाऱ्याचे नाव व छायाचित्र त्याच्या संमतीवाचून प्रसिद्ध करू नये. विद्यार्थ्याला हात द्यावा, त्याची मान खाली जाऊ देऊ नये.

पेल्यात पाणी थेंबाथेंबानेच साचते, हे खरे. परंतु तहानलेला समोर उभा असताना पेला भरण्याची वाट पाहत बसणे, हे शहाणपण नव्हे. कायम निधी उद्यासाठी आवश्यक आहे आणि तातडीचा निधी आजसाठी. अमेरिकेतील प्रतिष्ठानांनी शंभर मार्गांनी पैसा उभा केला. त्यांतील यशस्वी प्रतिष्ठानांची ओळख मात्र एकाच प्रश्नाने पटते : शिक्षण सोडण्याच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्यापर्यंत तो पैसा वेळेत पोहोचला का? आपल्याकडील निधीलाही हाच प्रश्न विचारावा, असे आम्हांस वाटते.